मदत : आई

“माउस असा धरतात, जसा काही हातातून उडूनच जाणार आहे! आणि यांना समितीवर घेतलंय. चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला कृत्रिम बुद्धिमत्ता कशाला हवी, सांग ना मला.”

संगणकाचे सर हे फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होते. शिक्षकांच्या खोलीत आपण एकटेच आहोत, अशी त्यांची समजूत होती. लोखंडी कपाटाच्या पलीकडे, खिडकीशी, भाषेच्या बाई मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या आहेत हे त्यांना कुठून कळणार? बाई तशाही आवाज न करता बसत. चौतीस वर्षं वर्गात बोलल्यावर माणसाला गप्प बसण्याची किंमत कळते.

“उडत नाही हो तो, सर,” बाई कपाटाआडून म्हणाल्या. “पण खडू जोरात धरला की मोडतो ना. हाताला ती सवय.”

पलीकडे फोन घाईघाईने बंद झाल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. मग सर स्वतः आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “बाई, चहा घेणार?”

“घेईन की. आणि तुमचं बरोबरच आहे. मलाही तेच वाटतं अधूनमधून.”

खरं म्हणजे बाईंना तसं मुळीच वाटत नव्हतं. शाळेने मुलांना हे नवं यंत्र नीट वापरायला शिकवायचं ठरवलं आणि त्यासाठी समिती नेमली, तेव्हा दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला सर लॅपटॉप घेऊन गेले होते आणि बाई दोनशे पानी वही घेऊन. परत येताना सरांनी प्रमाणपत्र आणलं, बाईंनी एकतीस पानं भरून आणली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘यंत्र ठामपणे बोलतं, म्हणजे त्याला माहीत असतंच असं नाही.’ त्याखाली कंसात, स्वतःची भर : ‘माणसांचंही तेच.’

नववीच्या वर्गात तर त्यांनी धमालच केली होती. पडद्यावर यंत्राला विचारलं, आमच्या शाळेचा इतिहास सांग. यंत्राने क्षणात सांगितला. शाळेला म्हणे उंच घड्याळाचा मनोरा होता आणि संस्थापक घोडागाडीतून यायचे. मुलं हसून हसून बाकांवर आडवी. शाळा आधी धान्याचं गोदाम होती, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक. एकाने हात वर करून गंभीरपणे विचारलं, “बाई, मग तो मनोरा पाडला कुणी?” तो धडा मुलांच्या डोक्यात असा बसला, की महिनाभर कुणी थाप मारली की बाकीचे ओरडायचे, “मनोरा! मनोरा!”

आणि मग बाईंनी तो नियम काढला. यंत्र वापरू नका असं म्हणायचं नाही, कारण म्हटलं तरी वापरणार. पण निबंध संपला की खाली एक ओळ सोडायची आणि तिथे लिहायचं, ‘मदत’. ज्याची मदत घेतली त्याचं नाव. खरं लिहिलं तर एकही मार्क जाणार नाही, हा बाईंचा शब्द. त्या ओळी वाचताना बाईंना निबंधांपेक्षा जास्त मजा यायची. ‘मदत : यंत्र. त्याने शेवट सुचवला, तो रडका होता, मी बदलला.’ ‘मदत : दादा. पण त्याने फक्त हसून मदत केली.’ ‘मदत : कुणाचीच नाही. म्हणूनच असा झालाय.’

चहाचे कप टेबलावर ठेवत सर म्हणाले, “बरं झालं भेटलात. पहिली केस सापडली.” त्यांनी एक वही आणि एक छापील कागद पुढे केला. “आत्मवृत्ताचे निबंध मी त्या तपासणीच्या प्रोग्रॅममधून काढले. हा बघा. चौऱ्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला. आणि खाली काय लिहिलंय बघा नववीतल्या या मुलीने. ‘मदत : आई’! आई बस थांब्याजवळ शिवणकामाचं दुकान चालवते. तिला वेळ आहे का आत्मवृत्तं लिहायला?”

बाईंनी चष्मा लावला.

‘मी एक मोडकी छत्री आहे. माझ्या आठ काड्यांपैकी सहा शाबूत आहेत, सातवी हट्टी आहे आणि आठवी आयुष्यात कधी पूर्ण उघडलीच नाही. दाराआडच्या खिळ्यावर मी लटकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मोजते.’

बाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

“काय झालं?” सर म्हणाले.

“गरम आहे. सर, हा प्रोग्रॅम खात्रीने सांगतो, की अंदाज करतो?”

“अंदाजच. पण चौऱ्याण्णव टक्के अंदाज म्हणजे... इतकं गुळगुळीत चौदा वर्षांची मुलगी लिहील का? एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

ते मात्र खरं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. बाईंना ते न वाचताही सांगता आलं असतं.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं, हेच त्यांना पुढचे दोन दिवस खात राहिलं. तोंड उघडायचं, एक वाक्य बोलायचं, की संपलं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, “शनिवारी मुख्याध्यापिका मॅडमसमोर बघू.” सरांनी मान डोलावली. शनिवारी मुलीच्या आईला बोलवायचं, निबंधाला शून्य द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात पालकसभेत शाळेतलं पहिलं प्रकरण म्हणून मुलीचं नाव वाचायचं, असा त्यांचा बेत होता. “एकदा उदाहरण घडलं की बाकीचे सरळ होतील,” ते म्हणाले. तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला माणूस. त्यांना काय माहीत?

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी दिवाही न लावता कपाटाचा खालचा कप्पा उपसला. काळ्या पुठ्ठ्याची ती वही जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली होती. पान सतरा. ‘मोडक्या छत्रीचे आत्मवृत्त.’ चोविसाव्या वर्षीचं स्वतःचं अक्षर, वेलांट्या आणि उकार कसे ताठ कॉलरसारखे. छत्री वडिलांची होती. ती आठवी काडी खरोखरच कधी उघडली नाही. वडील त्या बाजूने नेहमी भिजत आणि छोट्या मुलीला कोरड्या बाजूला घेत. निबंधात हे नव्हतं. निबंधात एवढं खरं लिहायचं नसतं, असं बाईंना तेव्हा वाटायचं.

नोकरीला लागल्या त्या वर्षी वर्गातली निम्मी मुलं भाषेत नापास झाली होती. मुलांना लिहायचंच कळत नव्हतं. कोऱ्या कागदासमोर ती अशी बसायची, जशी दवाखान्यात सुईची वाट बघत बसतात. बाईंना ते बघवेना. मग एका मंगळवारी तिसऱ्या तासाला त्या म्हणाल्या, “उतरवून घ्या.”

काय तास असायचा तो! दुपारचं ऊन खिडकीच्या गजांमधून फळ्यावर पट्टे ओढायचं. बेचाळीस पेनं एकदम चालायची, पत्र्यावर वाळू सांडावी तसा आवाज. बाई दोन बाकांच्या मधून सावकाश फिरत वाक्य सोडायच्या, ‘माझ्या आठ काड्यांपैकी, स्वल्पविराम नको, सहा शाबूत आहेत, इथे स्वल्पविराम,’ आणि बेचाळीस डोकी खाली वाकायची. पान एकदम उलटायचं, एखादा मोठा पक्षी उडाल्यासारखं. कधी कुणाची शाई संपली की “बाई थांबा, बाई थांबा” असा गलका. बाई थांबायच्या. सबंध वर्ग शाई मिळेपर्यंत एका अर्ध्या वाक्यावर तोल सावरून उभा. जी मुलं गणितात रडायची, भूगोलात मार खायची, तीसुद्धा त्या तासाला बिनघोर असायची. त्या तासाला कुणीच चुकत नसे.

निकाल असा वर गेला की पालक रस्त्यात थांबवून हात जोडायचे. परीक्षेचे पेपर दुसऱ्या गावी तपासायला जात. तिथल्या परीक्षकांना वाटत असेल, या गावात छत्री एकच आहे आणि घराघरांत आळीपाळीने मोडते. बाईंना दहापैकी दहा देणं मान्य नव्हतं. उतरवून दिलेलं चोख लिहिलं की नऊ. पोरांनी मागे नाव ठेवलं होतं, ‘उतरवून घ्या’. बाजारात कुणी तरी लांबून “ए, उतरवून घ्या आल्या!” म्हणालेलं ऐकलं की बाई गालातल्या गालात हसायच्या.

बावीस वर्षं. मग अभ्यासक्रम बदलला, अशा ठरीव निबंधांची जागा दुसऱ्याच कशाने घेतली, आणि वही नकाशांखाली गेली. बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पान सतरा मिटताना त्यांना तिसऱ्या बाकावरची ती वही आठवली. खरं म्हणजे ती विसरलेली कधी नव्हतीच, फक्त तिच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. छत्रीचाच निबंध. तिसऱ्या बाकावर दोघी बसायच्या. एक खोडून खोडून कागदाला भोक पाडणारी, म्हणून सगळ्यांची ‘खोडरबर’. ती आता मुख्याध्यापिका. दुसरी मुकाट, बारीक अक्षराची. त्या मुकाट मुलीने सगळं उतरवून दिलेलं लिहिलं आणि शेवटी, न सांगता, एक वाक्य आपल्या मनाचं घातलं होतं.

बाईंनी त्यावर लाल रेघ मारली होती. एक नाही, दोन. समासात लिहिलं होतं, ‘दिल्याप्रमाणे लिहावे.’ चार मार्क. मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळा निबंध नव्याने, दिल्याप्रमाणे, कुठे डागही न पाडता लिहून आणला. नऊ मिळाले.

तीच आता बस थांब्याजवळ शिवणकाम करते. बाईंचे सगळे कपडे तीच शिवते. न विचारता आतून एक चोरखिसा ठेवते. “खडूसाठी, बाई.” आणि तिची मुलगी नववीत, बाईंच्याच वर्गात. म्हणजे तिने घरात जपून ठेवलेली ती वही काढली असणार आणि लेकीला म्हटलं असणार, हे लिही गं, बाईंना बाईंचाच निबंध दिला की नऊ ठरलेले. आता बाईंना दुसरंच काही हवं असतं, हे तिला कोण सांगणार?

बाईंनी मुख्याध्यापिकेला फोन लावला.

“बाई! मी तुम्हालाच करणार होते,” ती म्हणाली. “सरांनी वही दाखवली. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. मी मिटवते.”

“कसं मिटवतेस?”

“मुलीला ताकीद देऊ. यंत्राचं नाव आलंच आहे, तेच राहू दे. तुमचं...”

“माझं काय?”

“काही नाही हो, बाई. जेवलात का?”

“जेवले,” बाई म्हणाल्या. न जेवता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकेच्या खोलीत पाच जण जमले. खोली लहान, पंखा आवाज करणारा, भिंतीवर सगळ्या जुन्या वर्गांचे फोटो. त्यातल्या एकात तिसऱ्या रांगेत दोन वेण्यांच्या दोघी शेजारी शेजारी उभ्या. आता त्यातली एक टेबलामागे होती आणि दुसरी टेबलापुढे, गळ्यात मापाची पट्टी तशीच घेऊन आलेली.

“बसा ना,” मुख्याध्यापिका म्हणाली.

“नको मॅडम, बरी आहे मी.”

“अगं बस म्हणते तर. मॅडम काय मॅडम!”

ती बसली, खुर्चीच्या कडेवर. मुलगी मात्र उभीच राहिली, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून. बाई खिडकीशी, आपल्या नेहमीच्या जागी.

सरांनी घसा साफ केला. “मी फक्त सुरुवात वाचतो, म्हणजे आईंच्या लक्षात येईल भाषा कशी आहे. ‘मी एक मोडकी छत्री आहे. माझ्या आठ काड्यांपैकी सहा शाबूत आहेत...’”

बाई दोघींकडे बघत होत्या. आधी टेबलापुढच्या आईचे ओठ हलले. मग टेबलामागच्या. आवाज नाही, नुसते ओठ. सातवी हट्टी आहे. आणि आठवी. सर ‘स्वल्पविराम’ म्हणत नव्हते, पण दोघी बरोबर त्याच जागी थांबत होत्या आणि पुढे निघत होत्या. पंचवीस वर्षांनी.

“ही चौदा वर्षांच्या मुलीची भाषा वाटते का तुम्हाला?” सरांनी कागद खाली ठेवला. “आणि खाली लिहिलंय, मदत आई. तुम्ही सांगितला हा निबंध?”

मुलीच्या आईने बाईंकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “नाही हो सर. मी कुठली सांगायला? घेतला असेल तिनं त्या यंत्रातूनच. हल्लीची मुलं.”

“आई!”

“गप्प बस तू.”

“अगं आई, वही तूच...”

“गप्प बस म्हटलं ना. चूक झाली म्हण. सरांची माफी माग.”

मुलीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. ती आईकडे नाही, सरांकडे नाही, सरळ बाईंकडे वळली. “बाई, तुम्ही म्हणाला होता खरं लिहायचं. खरं लिहिलं तर मार्क जाणार नाहीत, असा शब्द दिला होता तुम्ही. मी खरंच लिहिलंय. मला माझा चपलेचा निबंध द्यायचा होता. अर्धा झाला होता. पण आई म्हणाली...”

“बरं बरं,” मुख्याध्यापिकेने घाईने हात वर केला, “वाद नको. पालकसभेत नाव वगैरे काही वाचायचं नाही, सर. शून्यही नको. पाच मार्क देऊ, एक ताकीद देऊ, विषय संपवू. असं साम्य येतं कधी कधी. येतं ना, बाई?”

“कशाशी साम्य?” सर म्हणाले.

आई पट्टी गुंडाळत होती, सोडत होती. मुख्याध्यापिका टेबलावरचा खोडरबर उगाच कागदावर घासत होती, जिथे खोडायला काही नव्हतं. दोघी आपापल्या परीने बाईंवर छत्री धरून उभ्या होत्या. आणि ज्या एका मुलीने बाईंचा नियम अक्षरशः पाळला होता, ती तेवढी भिजत होती.

बाई उठल्या. त्यांनी टेबलावरची वही घेतली, शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

“हिच्या वहीत आज सगळ्यात खरी ओळ हीच आहे, सर. मदत, आई. यंत्राने ही लिहिली नाही. तुमच्या प्रोग्रॅमने अंदाज केला, तो चुकला. माझं मात्र चुकलं नाही, मला दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं. तरी मी दोन दिवस गप्प बसले.”

“बाई, राहू दे ना,” मुख्याध्यापिका म्हणाली. तिचा आवाज एकदम नववीतला झाला होता.

“नको, खोडू नकोस आता. हा निबंध माझा आहे, सर. बावीस वर्षं मी तो या शाळेतल्या प्रत्येक मुलाकडून उतरवून घेतला. या दोघींकडूनही. खाली मदतीची ओळ सोडायला मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर बेचाळीसच्या बेचाळीस वह्यांत माझंच नाव आलं असतं.”

“आम्ही पास झालो, बाई, त्यामुळेच,” मुलीची आई पटकन म्हणाली. “माझा तर दुसरा कुठला विषय...”

“झालीस. आणि त्याच्या आधी तू एक वाक्य लिहिलं होतंस. आठवतं?”

तिने मान खाली घातली. पट्टी बोटांत थांबली.

“मला आठवतं. ‘मोडल्यापासून मला कुणी घट्ट मिटत नाही, हे एक बरं झालं.’” बाईंनी ते सावकाश म्हटलं, उतरवून द्यावं तसं. “माझ्या सबंध निबंधात या तोडीचं एक वाक्य नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर दोन रेघा मारल्या. मी तुम्हाला लिहायला शिकवलं नाही गं, नुसतं उतरवायला शिकवलं. आणि जी एक आपणहून लिहायला लागली होती, तिला मी थांबवलं.”